काळ्या रेषेवरचं पाणी

मे महिन्याचा दुसरा आठवडा. पानशेत धरणाच्या मागच्या अंगाला, घाटमाथ्याखालून आंबी नदीला येऊन मिळणाऱ्या एका ओढ्याची पाहणी करायची होती. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात बारमाही प्रवाह निळे असतात, पावसाळी काळे. हा ओढा उगमापासून काळाच होता. पुण्याहून निघताना वाटलं, दुपारपर्यंत उरकेल.

खाली सगळं नकाशाबरहुकूम. पात्रात धोंडे आणि वाळलेलं शेवाळ. काठावरच्या वाडीत टँकरपाशी हंड्यांची रांग लागलेली. वहीत ‘कोरडा’ लिहून गाडीकडे वळले, तेवढ्यात सोबतचे बाबा म्हणाले, “ताई, वर पाणी हाय. देवाच्या रानात.”

दीड तासाची चढण होती. देवराईच्या शिवेवर बाबांनी वहाणा काढल्या, मीही बूट काढले. आत पायाखालची माती गार. जांभूळ, आंबा, हिरडा आणि त्यांना वेढून चढलेली गारंबी. पुढे उंबराच्या मुळ्यांमधून झुळझुळ पाणी येत होतं.

मी आधी खडक पाहिला. वर मांजऱ्या, लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेला. खाली अखंड काळा पाषाण. मध्ये वीतभर जाडीचा तांबडा थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरांवर थर पसरत गेला. दोन थरांच्या मधल्या काळात उघडा पडून झिजलेला पृष्ठभाग म्हणजे हा तांबडा पट्टा. पावसाचं पाणी मांजऱ्याच्या भेगांतून उतरतं, इथे अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. ही आकृती मी फळ्यावर कितीदा काढली असेल. त्या दिवशी तिच्यावर बोट ठेवता आलं, आणि बोट ओलं झालं.

दहा लिटरची बादली २५ सेकंदांत भरली. तीनदा मोजलं. म्हणजे भर मे महिन्यात दिवसाला साडेचौतीस हजार लिटर!

“बाहत्तरच्या दुष्काळातबी आटलं न्हाय,” बाबा म्हणाले.

मग पाण्याच्या कडेकडेनं उतरलो. देवराई संपल्यावर सहाशे पावलांत ओढा धोंड्यांच्या राशीत शिरला आणि गुडुप झाला. नदी खाली जाताना मोठी होते, असं आपण शाळेत शिकतो. ही उन्हाळ्यात वर जिवंत आणि खाली कोरडी. वरच्या डोंगरधारेपलीकडे पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. अलीकडचा आंबीतून पानशेत, खडकवासला, मुठा, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागराला. एवढ्या लांब जाणाऱ्या पाण्याची वाट आपल्या नकाशात सुरुवातीलाच चुकली होती.

वहीतलं ‘कोरडा’ मी खोडलं नाही, खालच्या अंगाला ते खरंच होतं. नकाशावर वरचा तुकडा निळ्या पेन्सिलीनं गिरवला आणि पाणी जिथे गुडुप होतं तिथे फुली मारली. टँकरची वाट पाहणारी वाडी त्या फुलीच्या खालच्याच अंगाला आहे.