प्रोग्रेसिव्ह काचेवरच्या खुणा: छत्री, मोबाइल आणि शेवटी डबा

७ जुलै

बिस्किटांच्या डब्यात आता तेवीस चष्मे झालेत. गेल्या गणपतीला मुंबईकरांनी "तुला लागतात ना" म्हणत पिशवीच ओतली होती. त्यातले अकरा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर दूरचा नंबर, खाली जवळचा, आणि मधे रेघ न दिसता हळूहळू बदलत जाणारा. बायफोकल, म्हणजे एकाच काचेत दोन वेगळे नंबर, ओळखायला काही लागत नाही, प्लास्टिकच्या काचेवरची जवळच्या नंबराची चंद्रकोर नखालाही लागते. प्रोग्रेसिव्ह दिसायला कोरी. छापील कागदावर धरून वर-खाली हलवली की खालची अक्षरं फुगतात आणि मधे रेघ मात्र नसते, एवढ्यावरून ती कळते. पण तिचा मधला बिंदू कुठे, ॲड (जवळचं बघायला वाढवलेला नंबर) किती, उजवी कुठली नि डावी कुठली, हे वाचायचं तर कोरीव खुणा सापडायला हव्यात.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. नवी काच येते तेव्हा तिच्यावर शाईनं क्रॉस, वर्तुळं, आडव्या रेघा छापलेल्या असतात. चष्मेवाले क्रॉस बाहुलीसमोर आणून काच बसवतात आणि मग शाई पुसून टाकतात. मागे राहतात दोन बारीक कोरलेल्या खुणा, एकमेकींपासून ३४ मिमी अंतरावर, मधल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना १७-१७. कानाकडच्या खुणेखाली ॲडचा आकडा असतो, म्हणजे "२०" असेल तर ॲड २.००. नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं किंवा डिझाइनचं चिन्ह. १९५९ साली वॅरिलक्स ही प्रोग्रेसिव्ह काच बाजारात आली तेव्हापासून डिझाइनं ढिगानं बदलली, पण या दोन खुणा सापडल्या की काच बोलायला लागते.

१२ जुलै

पहिली चूक कबूल करतो. ऑनलाइन "प्रोग्रेसिव्ह टेस्टर" म्हणून जे मागवलं, ते आलं टेन्शन, म्हणजे काचेवर पडलेला ताण, बघायचं यंत्र. दोन पोलरॉइड पट्ट्या आणि खाली दिवा. काच ठेवली की कडेला, जिथे फ्रेम आवळली आहे तिथे, इंद्रधनुष्य दिसतं. बघायला छान, पण खूण एक नाही. तेवढ्या पैशात देवगडची हापूसची पेटी आली असती. विक्रेत्याशी दोन दिवस वाद घातला आणि सोडून दिला.

मग घड्याळजीचं दहापट भिंग. हा मोह बहुतेकांना होतो, म्हणून सांगतो: नको. भिंगातून दिसतो शेंगदाण्याएवढा तुकडा, आणि खूण त्याच तुकड्यात आहे हे आधी माहीत हवं. शिवाय खूण काही काळी-पांढरी नसते. पृष्ठभागावरचा तो नुसता उथळ ओरखडा, उजेड किंचित वळवणारा. समोरून भरपूर उजेड पाडला की ती विरघळूनच जाते.

जुना उपाय हा हा करून वाफ सोडण्याचा. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी ओली की वाफ लवकर उडत नाही, खुणेचं वर्तुळ दोन-तीन सेकंद नीट दिसतं. पण त्यावर ठिपका द्यायला पेन टेकवेपर्यंत गेलेलं असतं.

१९ जुलै

काल संध्याकाळी लाइट गेली. मोबाइलचा फ्लॅश कपाटावर ठेवला होता. हातातल्या काचेची सावली चुन्याच्या भिंतीवर पडली आणि तिच्यात सुईनं काढल्यासारखं गोल! उजेडाचा ठिपका लहान आणि दूर, काच भिंतीपासून वीतभर. त्या ओरखड्यानं वळवलेला उजेड भिंतीवर कड होऊन उमटतो. फ्लॅशमध्ये दोन दिवे असतील तर एकावर चिकटपट्टी लावा, नाहीतर सावल्या दुहेरी पडतात.

दिवसा उजेडी दुसरी युक्ती: पडवीत काळी छत्री उघडून ठेवायची, तिच्यासमोर काच तिरकी धरायची आणि टॉर्च बाजूनं मारायची. मागे काळोख, कडेनं उजेड. पाच काचा अशाच वाचल्या. आकडा आरशातल्यासारखा उलटा दिसला तर काच मागून बघताय. पण काही डिजिटल (संगणकाच्या मदतीनं घडवलेल्या) काचांवर खुणा मागच्या पृष्ठभागावर असतात, तेव्हा पेनाचं टोक कुठल्या बाजूला टेकवायचं ते आधी बघा.

अडचण एकच. एका हातात काच, दुसऱ्यात टॉर्च, मग पेन कोण धरणार?

२ ऑगस्ट

म्हणून शेवटी खुणा शोधायचा उभा डबा घेतला. खाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उजळ पडदा, वर भिंग, मधे काच ठेवायला जागा. पट्टीच्या काठावर काच सरकवली की खूण तिथे काठ मोडते. ऐटबाज काही नाही, पण दोन्ही हात मोकळे. सीडीवर लिहायच्या मार्करनं ठिपके, काम झालं की स्पिरिटनं पुसायचे. ॲसिटोन नको, पॉलिकार्बोनेट खाऊन टाकतं.

९ ऑगस्ट

काकी दोन महिने कुरकुरत होती. "ह्यो चष्मो घातलंय काय पायरी वाकडी दिसता माका." सगळ्यांनी तिला "सवय होईल" म्हणून गप्प केलं होतं, मीही त्यात. तिची फ्रेम गोल, तारेची. काच डब्यात धरली, चारही ठिपके दिले आणि चष्मा आलेख-कागदावर ठेवला. डावीच्या दोन खुणा आडव्या, उजवीतली कानाकडची जवळजवळ ३ मिमी खाली. गोल फ्रेममध्ये स्क्रू सैल झाला की काच चाकासारखी फिरते. मग जवळचा भाग हवा त्या जागी राहत नाही.

स्क्रू सैल केला, ठिपके रेघेवर आणले, आवळला. किती आवळायचा हे कळेना, तेव्हा ते फुकट गेलेलं टेन्शन-यंत्र काढलं. कडेचं इंद्रधनुष्य फिकं होईपर्यंत पाव फेरा मागे. नंबर मात्र मी तपासत नाही. त्यासाठी कणकवलीच्या चष्मेवाल्यांचा लेन्सोमीटर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) आहे.

काकी ओटीवरून अंगणात उतरली, परत चढली, पुन्हा उतरली. "आता सरळ आसा," म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

१७ ऑगस्ट

अकरापैकी नऊ वाचून झाले. एकाची काच मिठाच्या वाऱ्यानं आणि पदरानं पुसून इतकी घासलीय की खूण कुठली आणि ओरखडा कुठला ते कळत नाही. दुसऱ्याची फ्रेम अरुंद, नाकाकडची खूण कडेखाली दडलेली. काच काढल्याशिवाय गत्यंतर नाही आणि स्क्रू गंजून बसलाय. तेलाचा थेंब सोडून ठेवलाय.