पावसातला घाट आणि पाणी शिरलेला हेडलाइट

निघायच्या आदल्या संध्याकाळी डाव्या हेडलाइटच्या काचेला आतून पुसटशी वाफ धरलेली दिसली होती. दमट हवेत असं होतंच, म्हणून सोडून दिलं. तेव्हाच वाकून नीट पाहायला हवं होतं.

दिवसभर पाऊस लागला आणि घाटात शिरेपर्यंत अंधार पडला. उजव्या दिव्याचा झोत रेखीव पडत होता, डाव्याचा मात्र नुसता पांढुरका, पसरट उजेड. घाटात जिच्या भरवशावर गाडी चालते ती डाव्या कडेची पट्टीच दिसेना. अप्पर देऊन पाहिला तर काचेतच सगळा प्रकाश विखुरला. समोरून येणारे डिपर मारू लागले, म्हणजे तो प्रकाश त्यांच्याही डोळ्यांत जात होता. वेग कमी केला आणि वळण संपल्यावर रुंद जागा पाहून थांबलो.

मोबाइलच्या उजेडात पाहिलं. वाफ केव्हाच मागे पडली होती. काचेवर आतून टपोरे थेंब ओघळत होते आणि तळाशी बोटभर पाणी साचलं होतं. बोनेट जरा दाबलं की ते हिंदकळायचं. पुढचा घाट रात्री करायचा नाही असं ठरवलं आणि जवळच मुक्काम केला. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही तेच करा.

वाफ आणि पाणी यांत मोठा फरक आहे. हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतो. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि व्हेंटमधून, म्हणजे हवा ये-जा करायला ठेवलेल्या छोट्या वाटेतून, बाहेर पडते. बंद झाला की बाहेरची दमट हवा आत येते आणि गार काचेवर तिचं दव जमतं. असं पातळ धुकं दिवे लावून गाडी चालवली की विरतं. एलईडी दिव्यांत त्याला जास्त वेळ लागतो, कारण त्यांची उष्णता काचेकडे कमी आणि मागच्या हीटसिंककडे, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे, जास्त जाते. ओघळ किंवा तळाला पाणी दिसलं तर मात्र कुठून तरी सरळ वाट झाली आहे.

सकाळी आधी ती वाट शोधली. नुसतं वाळवलं असतं तर पुढच्या सरीत पाणी पुन्हा भरलं असतं. दिवे गार असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि हेडलाइटमागे हात घातला. रबरी झाकणाची कड वरच्या बाजूला नखाएवढी आत दुमडलेली होती आणि तिथून चिखलाचा बारीक ओघळ आत गेला होता. आठवड्यापूर्वीच बल्ब बदलला होता. झाकण बसवल्यावर कडेवरून बोट फिरवायचं राहून गेलं होतं.

बल्ब काढून त्या भोकातून सुती कापडाची लांब पट्टी तळापर्यंत सोडली. पट्टी पाणी शोषून घेते. भिजली की पिळायची, पुन्हा सोडायची. पट्टी रिफ्लेक्टरवर घासू देऊ नका, त्याचा चकचकीत थर पटकन निघतो आणि मग झोत कायमचा बिघडतो. त्यानंतर झाकण उघडं ठेवून हेअर ड्रायर सर्वात कमी उष्णतेवर, वीतभर लांबून, थांबून थांबून फिरवला. तीनेक तास गेले. बल्ब परत बसवताना धातूच्या बुडाला धरला, कारण हॅलोजनच्या काचेला बोटांचं तेल लागलं की तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. गाडीत एचआयडी (झेनॉन) दिवे असतील तर हे स्वतः करू नका, त्यांत जीवघेणा व्होल्टेज असतो.

व्हेंटची रबरी नळीही वाळलेल्या मातीने बुजली होती, ती साफ केली. पाणी शिरतंय म्हणून व्हेंटलाच सिलिकॉन भरणारे पाहिले आहेत. कृपया तसं करू नका. आत गेलेली ओल बाहेर पडायची तीच तर जागा आहे. काचेला किंवा तळाला भोक पाडण्याचा सल्लाही ऐकू नका, त्यातून धूळ आणि आणखी पाणी जातं. सिलिका जेलची पुडी थोडी ओल ओढते, पण भरली की तिचा उपयोग संपला, आणि गरम बल्बजवळ ती ठेवणं धोक्याचं. मूळ हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब लावणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासा: बल्बच्या मागच्या पंख्यामुळे मूळ झाकण बऱ्याचदा बसत नाही आणि बरेच जण ते काढूनच ठेवतात. काचेला तडा असेल किंवा काचेच्या कडेचा सीलंट सुटला असेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, दिवा नीट सील करून घ्या किंवा बदला. आणि दिवे तापलेले असताना प्रेशरच्या पाण्याने गाडी धुऊ नका. आतली हवा एकदम आकसते आणि फटीतून पाणी आत खेचलं जातं.

परतताना तोच घाट, तसाच पाऊस. डावी पट्टी शेवटपर्यंत स्पष्ट दिसली. घरी आल्यावर पाइपने हळूहळू, वरून खाली, दहा मिनिटं पाणी सोडून पाहिलं. आत थेंबही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काचेच्या एका कोपऱ्यात हातरुमालाच्या घडीएवढं धुकं होतं. दिवे लावून निघालो, काही वेळाने ते विरलं, आणि या वेळी मी काहीही उघडलं नाही.