आजीच्या हातातलं वजन

माझी मुलगी जन्मली तेव्हा आजी ७६ वर्षांची होती. तिनं बाळ दोन्ही तळव्यांवर घेतलं, डोळे मिटले, हात जरासे वर-खाली केले आणि म्हणाली, "तीनाला थोडी कमी." पलंगाला अडकवलेल्या कार्डावर २ किलो ९०० ग्रॅम लिहिलं होतं. नर्स बघतच राहिली. मला मात्र नवल वाटलं नाही. ४३ वर्षं किराणा दुकानात उभी राहिलेली बाई होती ती.

आजी गेल्या महिन्यात गेली. ९३ वर्षांची होती.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती कामाला लागली आणि पहिली दोन वर्षं तिनं नुसत्या पुड्या बांधल्या. छताला टांगलेल्या रिळातून दोरा खाली यायचा. कागदावर माल ओतायचा, कडा आत घ्यायच्या, वरची घडी दाबून बसवायची, दोऱ्याचे आडवे-उभे वेढे द्यायचे आणि शेवटी तर्जनीभोवती एक पीळ घेऊन हिसका. कात्री लागायची नाही. त्या हिसक्यांनी तिच्या उजव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर एक बारीक चर पडला होता. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी त्या चरावरून नख फिरवत राहायचे. ती हात काढून घ्यायची नाही.

मग ती काट्यावर आली. दुकान उघडलं की पहिलं काम काट्याचं. पासंग, म्हणजे रिकाम्या पारड्यांतला फरक, आहे का ते बघायचं, एवढंच नाही. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल घालून काटा मधोमध आणायचा आणि मग दोघांची अदलाबदल करायची. तरीही काटा मधोमध राहिला तरच तो खरा. दांडीची एक बाजू किंचित लांब असेल तर या अदलाबदलीत ते लगेच उघडं पडतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, करता करता तिचं तिलाच उमगलं होतं. भांड्यातून तेल द्यायचं तर आधी भांड्याचा धडा, म्हणजे रिकाम्या भांड्याइतकं वजन दुसऱ्या पारड्यात. आणि माल टाकताना नेहमी कमीपासून सुरुवात करून वर भर घालत जायची. ती म्हणायची, "आधी जास्त टाकून मग काढून घेतलं, तर वजन बरोबर असलं तरी माणसाला वाटतं माझ्यातलं काढलं." घरी आम्हा नातवंडांना वाढतानाही तिचा हात तसाच चालायचा. थोडं, मग थोडं, मग आणखी थोडं.

गिऱ्हाइकं तिला आधी ताई म्हणायची, मग मावशी, मग आजी. त्यांच्या याद्यांवरून तिला घर कळायचं. कुणाकडे बाळ आलंय, कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेलीय. एका गृहस्थांची बायको वारली. महिन्यानं ते यादी घेऊन आले, तर यादी तीच, बायकोच्या अक्षरातली, दोघांची. आजीनं काही न बोलता पूर्ण माल बांधून दिला. पुढच्या महिन्यातही दिला. तिसऱ्या महिन्यात तिनं सगळं निम्मं मोजलं आणि हळूच विचारलं, "एवढं पुरेल ना?" त्यांनी मान हलवली. यादी तिनं घडी करून त्यांच्या खिशात परत ठेवली. हे सांगताना ती दरवेळी ती घडी हातानं करून दाखवायची.

तिच्या डोळ्यांदेखत दुकान बदललं. काउंटरमागचा माल समोर मांडला गेला, लोक स्वतःच उचलून टोपलीत टाकू लागले. (१९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी असं दुकान उघडलं होतं. आजीपर्यंत ते पोहोचेस्तोवर तिची चाळिशी उलटली होती.) पुड्या संपल्या. आणि ती ५७ वर्षांची असताना बारकोडची यंत्रं आली. त्या रात्री ती जेवली नाही. ज्या बाईनं कधी कागद-पेन्सिल न घेता दोन हात लांब बिलाची बेरीज केली, तिला वाटलं आता आपलं काम संपलं.

मी तेव्हा सहावीत होते. शाळेत ऐकलेली एक गोष्ट मी तिला करून दाखवली. साबणाच्या वेष्टनावर बारकोडखाली छापलेले तेरा आकडे घेतले. शेवटचा सोडून उरलेल्या बारांत एक-तीन-पाच अशा जागांवरच्या आकड्यांची बेरीज आली ३८. दोन-चार-सहा अशा जागांवरची २७, तिची तिप्पट ८१. दोन्ही मिळून ११९. पुढचा दहाचा पट १२०, म्हणजे एक कमी पडतो, आणि शेवटचा आकडा खरोखरच १ होता. यंत्र एखादा आकडा चुकीचा वाचेल तर या हिशेबात ते पकडलं जातं. आजी बराच वेळ त्या वेष्टनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे पण ताळा घेतं." दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर गेली. नंतर कितीतरी संध्याकाळी आम्ही दोघी घरातल्या डब्यांवरचे आकडे काढून ताळा करायचो, आणि ती दरवेळी माझ्याआधी उत्तर सांगायची.

आज सगळीकडे दिसतो तसा बारकोड दुकानात पहिल्यांदा २६ जून १९७४ ला अमेरिकेत, ओहायोतल्या ट्रॉय गावात वाचला गेला, च्युइंगमच्या पाकिटावरचा, हे मी तिला खूप पुढे सांगितलं. तिनं विचारलं, "काउंटरवर कोण होतं?" शॅरन ब्युकॅनन नावाच्या बाई होत्या, म्हटल्यावर तिनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.

पायांचं लिहायलाच हवं. पोटऱ्यांतल्या निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. मालकांकडे तिनं स्टूल मागितलं, ते मिळालं नाही. मग काउंटरखाली एक रिकामं खोकं ठेवून ती एकेक पाय आळीपाळीनं त्यावर टेकवायची. मला याचा राग आहे, अजून आहे.

ती गेल्यावर तिच्याबरोबर काम केलेल्या एक बाई भेटायला आल्या. त्यांच्याकडून कळलं की ५४ व्या वर्षी आजीला मुख्य कॅशियरची जागा देऊ केली होती. पण त्या जागेवरच्या माणसाला रात्री गल्ल्याचा हिशेब जुळेपर्यंत थांबावं लागे. आजीनं नाही म्हटलं आणि सकाळची पाळी मागून घेतली. मी तेव्हा दुसरीत होते. आईची ड्यूटी संध्याकाळपर्यंत असायची, आणि शाळेतून आले की आजी दारात असायचीच. मला वाटायचं, तिला तेव्हाच सुट्टी होते.

शेवटच्या वर्षी तिला जवळजवळ दिसत नव्हतं. मी आजारपणातून उठून तिला भेटायला गेले होते. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. जवळ बसले, तसं तिनं माझं मनगट तळव्यावर घेतलं, जरा वर-खाली केलं.

"कमी झालीस गं."

"थोडीशी, आजी. चार किलो."

तिनं मनगट पुन्हा तोललं. चर पडलेली तर्जनी माझ्या नाडीवर होती.

"पाच," ती म्हणाली.

घरी येऊन काट्यावर उभी राहिले. पाचच होते.