दहा मिनिटे पुढचे पाहणारी नायिका आणि माझ्या भाचीची वही

गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारी, नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून झाल्यावर मी नववीत गेलेल्या भाचीला आमच्या मालिकेच्या सहाव्या भागाची पटकथा वाचून दाखवत होतो. ही आठ भागांची मालिका मी आणि माझा एक मित्र गेली दोन वर्षे लिहीत आहोत. तिच्या नायिकेला पुढच्या दहा मिनिटांत काय घडणार आहे ते आधी दिसते. सहाव्या भागात नायिकेचे वडील कळमना बाजारात, संत्र्यांचा लिलाव आटोपून बाहेर पडताना, मागे येणाऱ्या ट्रकखाली सापडतात. तो प्रसंग लिहिताना माझे स्वतःचे डोळे भरून आले होते आणि वाचतानाही आवाज जड झाला होता. भाचीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, मग तिला आधीच काहून नाही दिसलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. वडील मरणे कथेला हवे होते, म्हणून ते मेले होते. त्या क्षणी आपल्या नायिकेला काय काय येते हे लेखकांनी विसरायचे ठरवले होते, एवढेच त्याचे कारण होते.

अफाट शक्तीचा नायक लिहिणे अवघड असते असे म्हणतात, आणि उपाय म्हणून त्याची शक्ती कमी करा असा सल्ला देतात. हा सल्ला मला पटत नाही. प्रेक्षकाला नायकाची शक्ती कधीच खुपत नाही. कालच्या भागात असलेली शक्ती आजच्या भागात कुठे गेली, हे त्याला खुपते. 'द फ्लॅश' ही अमेरिकन मालिका २०१४ ते २०२३ अशी नऊ सीझन चालली. तिचा नायक बॅरी ॲलन ध्वनीपेक्षा वेगाने धावतो, हे पहिल्याच सीझनमध्ये ठरून गेले. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे समोरचा माणूस खिशातून शस्त्र काढून ते रोखेपर्यंत जो अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात हा नायक दीडशे मीटरांहून जास्त धावू शकतो. तरीही गोठवणारी बंदूक हातात घेतलेला कॅप्टन कोल्ड त्याच्यासमोर उभा राहतो, बोलतो, आणि नायक ते बोलणे संपेपर्यंत थांबून राहतो. मालिका मला आवडली होती, पण अशा प्रत्येक प्रसंगी माझा तिच्यावरचा विश्वास थोडा कमी होत गेला.

'हीरोज' या दुसऱ्या अमेरिकन मालिकेत (२००६ ते २०१०) पीटर पेट्रेली जवळ आलेल्या प्रत्येकाची शक्ती आत्मसात करत असे. एका सीझनअखेरीस त्याच्याजवळ इतके काही साठले की कोणतेही संकट त्याला संकट राहिले नाही. पुढे लेखकांनी त्याच्या शक्ती काढून घेतल्या आणि परत दिल्या त्या एका वेळी एकच, तीही स्पर्शाने. नियम चांगला होता, पण उशिरा आला. पहिल्या भागापासून तो असता तर पीटरने कोणती शक्ती ठेवावी आणि कोणती सोडावी, यावरच दोन-तीन सीझन उभे राहिले असते.

सुपरमॅनचे उदाहरण तर फारच बोलके आहे. जून १९३८च्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात तो उडत नव्हता. तो एका उडीत आठवा हिस्सा मैल, म्हणजे सुमारे दोनशे मीटर, पार करत असे आणि तोफेचा गोळा फुटल्याशिवाय त्याच्या कातडीला इजा होत नसे. उडणे नंतर आले, शक्ती वाढत गेली, आणि त्याला रोखण्यासाठी काहीतरी हवे झाले. १९४३ मध्ये त्याच्या रेडिओ मालिकेत क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याला दुबळे करणारा दगड, आले आणि कॉमिक्समध्ये ते पोहोचायला १९४९ उजाडले. माझ्या मते क्रिप्टोनाइट ही सोय आहे. खलनायकाच्या हाती हिरवा दगड आला की प्रसंग निभावतो, पण नायकाला त्यात काही ठरवावे लागत नाही. सुपरमॅनच्या तरुणपणावरच्या 'स्मॉलव्हिल' मालिकेच्या (२००१ ते २०११) निर्मात्यांनी मात्र सुरुवातीलाच पोशाख नाही आणि उड्डाण नाही असे स्वतःला बजावले होते. तरुण क्लार्कला, म्हणजे पुढच्या सुपरमॅनला, एकेक शक्ती सीझनगणिक मिळत गेली, त्यामुळे प्रत्येक शक्तीशी त्याला आणि प्रेक्षकाला जुळवून घ्यायला वेळ मिळाला.

या बाबतीत आपल्याकडे शिकण्यासारखे किती आहे, हे मला भाचीच्या त्या प्रश्नानंतर नव्याने जाणवले. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' लागला की आमच्या वाड्यातली सगळी मुले एका टीव्हीसमोर गोळा होत असत. ज्या मुकेश खन्नांनी तो साकारला, त्यांनीच त्याआधी 'महाभारत' मालिकेत भीष्म केला होता. या दोन भूमिका एकाच माणसाने केल्या ही गोष्ट मला आज फार मोलाची वाटते, कारण शक्तिमान कुठे थांबेल हे मला मुलगा असताना कधी कळले नाही, पण भीष्म कुठे थांबेल हे घरातल्या आजीलाही ठाऊक होते. त्याला इच्छामरण आहे आणि शिखंडीवर तो बाण सोडणार नाही. पांडव विचारायला जातात तेव्हा आपल्याला कसे पाडायचे, ते तो स्वतःच सांगतो. दहाव्या दिवशी तो पडतो तेव्हा लेखकाने ऐनवेळी काही आणले असे कुणाला वाटत नाही.

त्याहून मोठा धडा कर्णाच्या वासवी शक्ती या अस्त्राचा आहे. इंद्र कवचकुंडले मागून घेतो आणि बदल्यात ती अमोघ शक्ती देतो, पण ती एकदाच वापरता येईल ही अट घालून. कर्ण ती अर्जुनासाठी राखून ठेवतो. चौदाव्या दिवशीचे युद्ध रात्रीही चालू राहते, घटोत्कच कौरवसेना उद्ध्वस्त करू लागतो, सगळे कर्णाला विनवतात आणि ती शक्ती तिथे खर्च होते. घटोत्कच पडतो, पांडव शोक करतात आणि कृष्ण आनंदित होतो. एका अटीतून किती प्रसंग निघाले ते पाहावे: कवच गेले, अर्जुन वाचला, भीमाचा मुलगा गेला आणि कर्णाचा शेवट ठरला. अट युद्धाच्या कितीतरी आधी सांगितली आहे आणि तिची किंमत एका माणसाने जिवाने मोजली आहे. या दोन गोष्टी असल्या की नायक कितीही बलवान असला तरी कथा डळमळत नाही.

आम्ही मग नियम लिहून काढला: नायिकेला पुढच्या दहा मिनिटांत तिचे स्वतःचे डोळे जे पाहणार आहेत, तेवढेच दिसेल. अपघाताच्या वेळी ती महालात होती आणि वडील कळमन्यात, म्हणून तिला काही दिसले नाही. मला वाटले, सुटले. पण भाचीने एव्हाना दोनशे पानी वहीत दोन रकाने आखले होते. एकात नायिकेने कोणत्या भागात काय पाहिले आणि दुसऱ्यात काय पाहिले नाही, हे ती पेन्सिलीने लिहीत होती. दुसऱ्या भागासमोर तिने फुली मारली होती. तिथे नायिका घरी बसून भावाच्या परीक्षेच्या खोलीत काय होणार ते पाहते, हे मी साफ विसरलो होतो.

तो भाग पुन्हा लिहावा लागला. आता नायिकेला भावासाठी कॉलेजच्या फाटकापाशी, आणि पुढे खोलीच्या खिडकीपाशी, उभे राहावे लागते. एवढ्या बदलाने सगळ्या मालिकेची चाल बदलली. ज्याला वाचवायचे त्याच्याजवळ राहणे तिला भाग झाले आणि एका वेळी एकाच्याच जवळ राहता येते. अपघाताच्या सकाळी वडील तिला "चलतेस का माझ्यासोबत?" असे विचारतात आणि ती भावाबरोबर जाते, ही दोन वाक्ये पूर्वी पटकथेत नव्हती. त्या दोन वाक्यांमुळे वडिलांचे जाणे तिच्या निवडीशी जोडले गेले.

मालिका लिहिताना हे अधिक जपावे लागते, कारण कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात, कथेचा ट्रॅक मध्येच बदलतो आणि मागच्या भागात काय ठरले ते डोक्यात ठेवणारे कुणी नसते. आमच्या दोघांत सुद्धा ही गफलत झाली, तर रोज एक भाग देणाऱ्या लेखकांवर काय ताण असेल याची मला कल्पना येते. भाचीची वही आता आमच्या टेबलावरच असते.

पुढची फुली सातव्या भागासमोर आली. तिथे भर दुपारी नायिकेवर मागून हल्ला होतो आणि ती बेशुद्ध पडते. हल्ला मागून असल्याने तिला तो दिसणार नाही, असे आमचे म्हणणे होते. भाचीचे म्हणणे असे की बेशुद्ध पडल्यावर डोळ्यांना काहीच दिसणार नाही, म्हणजे दहा मिनिटे आधी तिला पुढे अंधार दिसायला हवा आणि ती सावध व्हायला हवी. आठवडाभर आम्ही अडून बसलो. शेवटी मित्राच्या लक्षात आले की असा अंधार तिला रोज रात्री झोपण्याआधीही दिसत असणार. हल्ल्याचा प्रसंग आता रात्री अकराचा केला आहे. ती अंथरुणावर पडलेली आहे, पुढे अंधार दिसतो आहे आणि ती रोजच्यासारखी डोळे मिटते. त्यासाठी तिसऱ्या भागात, आई दिवा मालवते तिथे, हा रोजचा अंधार आधी दाखवायला हवा. तो प्रसंग या आठवड्यात लिहायचा आहे.