उरलेला रस

मंगळवार, रात्रीचे पावणेदोन

आज रस आमलेटचा गाडा लागला नव्हता.

पेपरचं शेवटचं पान छापायला सुटलं तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. जिना उतरतानाच पत्र्यावरचा आवाज ऐकू आला. रेनकोट चढवून स्कूटर काढली आणि नेहमीच्या वळणावर आले, तर झाडाखाली नुसता ओला रस्ता. चाकांना टेकण म्हणून लावायचे दोन दगड तेवढे जागच्या जागी होते. निळी ताडपत्री नाही, दिवा नाही, स्टोव्हची घरघर नाही. जुलैत असं दोन-चार वेळा होतंच, गाड्यावाल्याचं काही चुकलं नाही. अशा वाऱ्यात ताडपत्री टिकत नाही. तरी मी इंजिन बंद न करता तिथं थांबून राहिले. भूक लागली होती, पण भुकेपेक्षा त्या दिव्याची सवय जास्त झाली आहे.

पणजीतले बहुतेक गाडे अकराच्या आसपास आवरतात. हा एकटा एकपर्यंत असतो, म्हणून आमच्यासारख्या रात्रपाळीवाल्यांचा तो आधार. हॉटेलांतून सुटलेली पोरं येतात, टॅक्सीवाले येतात, कॅसिनोच्या बोटींवर पाहुण्यांना हसून हसून थकलेल्या मुली काळ्या पँटमध्येच येतात. बोलत फारसं कोणी नाही. प्लेट हातात घेऊन उभ्यानं खायचं, पाव संपला की बोट दाखवायचं. तो विचारतो, "आनीक रोस जाय?" आणि उत्तर यायच्या आधीच पळी प्लेटवर आलेली असते.

ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रस आमलेट म्हणजे शागुतीचा, गोव्यातल्या कोंबडीच्या कालवणाचा रस, त्यातली कोंबडी सोडून. भाजलेलं खोबरं, खसखस, धणे, सुकी मिरची, जायफळ, चक्रीफूल असं सगळं वाटून केलेला तांबूस काळपट, दाट रस एका मोठ्या टोपात मंद खदखदत असतो. तव्यावर कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेलं आमलेट पडतं, कडा तपकिरी झाल्या की प्लेटमध्ये येतं आणि त्याच्यावर तो रस, आमलेट बुडेल इतका. वर चिरलेला कच्चा कांदा, लिंबाची फोड, बाजूला पाव. चमचा लागत नाही. पावाचा तुकडा मोडून त्यानंच आमलेट तोडायचं आणि रस निपटायचा.

पाव चांगला नसेल तर सगळं फसतं. संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत फिरतो, त्याच्या टोपलीतला पाव रात्रीपर्यंत थोडा ताठर होतो आणि रसाला तोच बरा. ताजा मऊ पाव रसात विरघळून जातो. मला उंडो आवडतो, वरचं कवच कडक आणि आत जाळी. पूर्वी हे पीठ माडाच्या सुरेनं फुगवत, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट वापरतात. पोर्तुगीज १९६१ साली गेले, पाव आणि पोदेर हे दोन्ही शब्द राहिले. बटाटा त्यांचा आणि मिरचीही त्यांनीच समुद्रावरून आणलेली. कोकणातलं आमचं इतकं 'अस्सल' तिखट कुठून कुठून आलं आहे, हे त्या गाड्यापाशी उभं राहिल्यावर मला नेहमी आठवतं.

मी मूळची वेंगुर्ल्याकडची. आमच्याकडे शागुती नाही, सागोती. वडे-सागोती. पाहुणे आले, जत्रा झाली, गटारी आली की सागोती. आमच्या वाटपातही खोबरं आणि कांदा भाजूनच घेतात, फरक मसाल्याचा. पण हा रस माझ्या घरचाच नातेवाईक आहे हे मला पहिल्यांदा आईनं सांगितलं, आणि तेही घरापासून लांब, पणजीजवळच्या बांबोळीला.

सिंधुदुर्गातली माणसं मोठ्या दुखण्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात येतात, आजही येतात. बाबांना तिथं ठेवलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बारा दिवस होतो आम्ही. बाबांना वॉर्डात पेज मिळायची. आई आणि मी दिवसा वडापाव, चहा, बिस्किटं यांवर काढत होतो. घरून आणलेले लाडू चौथ्या दिवशी संपले. एका रात्री रस्त्यावरच्या गाड्यावर मी गेले आणि पैसे मोजून एकच प्लेट पार्सल मागितली. दोघींना एक. त्या माणसानं माझ्या हातातली हॉस्पिटलची फाईल बघितली असावी. आमलेट एकाचंच बांधलं, पण रसाची पिशवी इतकी भरली की गाठ मारायला प्लास्टिक पुरेना, आणि पाव सहा घातले. मी म्हटलं, इतकं नको, पैसे नाहीत. त्यानं कोकणीत सांगितलं की पैसे आमलेटाचे, रसाचे नसतात.

कॉरिडॉरमध्ये फरशीवर पेपर पसरून आम्ही बसलो. आईनं पाव बुडवून पहिला घास घेतला आणि थांबली. म्हणाली, "अगो, ह्यो तर आपल्या सागोतीचो रस!" बारा दिवसांत ती मला तेव्हाच एकदा रडताना दिसली. आमलेट तिनं सगळं माझ्याकडे सरकवलं. स्वतः रस-पाव खाल्ला, आणि आमच्या शेजारी पेडण्याची एक म्हातारी बसलेली होती तिलाही दिला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे. आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांचं खरं जिवाचं जेवण मासा नाही, मटण नाही. ते संपल्यावर जे मागं राहतं ते. मासा पाहुण्याच्या, घरच्या पुरुषांच्या, पोरांच्या पानात जातो. करणारीच्या वाट्याला कढी येते. रात्रीची बांगड्याची कढी मातीच्या भांड्यात तशीच राहते, सकाळी चुलीवर पुन्हा आटते, तिरफळाचा वास आत मुरतो, खोबऱ्याचा रस तळाशी दाट होतो. गोव्यात तिला कालची कढी म्हणतात आणि अकराच्या पेजेबरोबर खातात. माझ्या आजीला बांगड्यापेक्षा ही कढी प्रिय होती असं घरात सगळे म्हणायचे. मला आता वाटतं, तिला बांगडा किती वेळा मिळाला हे कोणी मोजलंच नव्हतं. पण तिनं त्या उरलेल्या कढीचं जे केलं ते कोणत्याही ताज्या माशापेक्षा चवदार होतं, हेही तितकंच खरं. गाड्यावरचा रस त्याच जातीचा आहे. कोंबडी परवडत नाही त्याला कोंबडीची पूर्ण चव देणारा.

मध्ये काही महिने मी अ‍ॅपवरून मागवत होते. पाऊस असला की तेच सोपं वाटायचं. बिर्याणी, चायनीज, बर्गर रात्री दीडलाही येतात. एकदा रस आमलेट मागवलं तर सगळं एकाच डब्यात ओतलेलं आलं, आमलेट भिजून लगदा झालेला, पाव वाफेनं ओला. आणून देणारा पोरगा मात्र इतका भिजला होता की माझ्याच्यानं काही बोलवलं नाही, टॉवेल दिला. त्यानंतर मागवलं नाही. आमच्या गाड्यावाल्याचं पार्सल वेगळं असतं. रस पिशवीत गाठ मारून, आमलेट फॉईलमध्ये, कांदा-लिंबू छोट्या पुडीत, पाव कागदात. आधी हा कागद म्हणजे आमचाच कालचा अंक असायचा. मी रात्री जागून लावलेला मथळा दुसऱ्या रात्री पावाभोवती घरी यायचा. मला ते आवडायचं. पण शाई पोटात जाते म्हणून मीच त्याला सांगितलं, आता तो कोरा कागद वापरतो.

तर आज गाडा नव्हता. पुलावरून आले. मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी, त्यामुळे आमचा रस्ता जुन्याच पुलाचा. खाली मांडवी फुगून मातकट, कॅसिनोंचे दिवे पाण्यात हलताहेत, आणि मालीमच्या जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे अजून दोन-अडीच आठवडे ते असेच डुलणार. बाजारात बर्फातलं जे मिळतं त्याला हात लावावासा वाटत नाही.

पण घरात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलेली असते. मे महिन्यात आई वेंगुर्ल्याच्या गाडीतून डबे पाठवते: कुळथाचं पीठ, आमसुलं, सुके बांगडे, सुकट, खारातल्या कैऱ्या. गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात, तोही पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, आणि पावसाआधी त्याची फेस्तं भरतात. बाबा गेल्यानंतर मी आईला म्हटलं होतं, आता एवढं करू नकोस, इथं सगळं मिळतं. तिनं त्या वर्षी दुप्पट पाठवलं.

पर्वरीला घरी पोचले, केस पुसले आणि पिठी टाकली. लसूण ठेचून तेलात, हिरवी मिरची, कांदा, मग पाणी. उकळी आली की कुळथाचं पीठ भुरभुरायचं, एका हातानं ढवळत. गुठळी होऊ द्यायची नाही. उकड्या तांदळाचा दुपारचा भात होता तो गरम केला. सुका बांगडा गॅसवर चिमट्यात धरून भाजला. रात्री दीडला तो वास सगळ्या मजल्यावर गेला असणार. वरच्या घरातली झारखंडची मुलगी पहिल्या वर्षी घाबरून विचारायला आली होती काय जळतंय म्हणून. आता वास आला की मेसेज करते, एक तुकडा ठेव.

जेवायला बसणार तोच आईचा फोन. बाबा गेल्यापासून ती माझी पाळी सुटेपर्यंत जागी असते. झोप म्हटलं तरी झोपत नाही.

"पोचलंस? काय खाल्लंस गो?"

गाडा नव्हता, पिठी केली, सांगितलं.

"आमसूल घातलंस?"

नव्हतं घातलं. तिनं फोन ठेवला नाही. मी उठले, डब्यातून दोन आमसुलं काढली, पिठी पुन्हा गॅसवर चढवली आणि उकळी येईपर्यंत आम्ही दोघी तशाच थांबलो. तिच्याकडेही पाऊस पडत होता, कौलांवर. फोनमधून ऐकू येत होता.