दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे

म्युनिकच्या फ्लॅटची किल्ली मिळाली त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरात शिरलो आणि गप्प उभे राहिलो. चार भिंती, भिंतीतून डोकावणारे पाण्याचे जोड आणि छतातून लोंबणाऱ्या तीन वायरी. ओटा नाही, सिंक नाही, दिवासुद्धा नाही. जर्मनीत भाड्याचं घर बरेचदा असंच मिळतं, हे कानावर आलं होतं. पण 'किचन नाही' म्हणजे फार तर शेगडी नसेल, असा आपला पुणेरी समज.

खरं तर आधीच्या भाडेकरू बाई ओटा, कपाटं, शेगडी, फ्रिज सगळं 1,800 युरोंना ठेवून जायला तयार होत्या. जाणाऱ्याने सामान येणाऱ्याला विकायचं, अशी तिथे पद्धतच आहे; त्या रकमेला 'आब्लोझं' म्हणतात. आम्ही म्हटलं, जुन्याला एवढे कशाला? दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे! बाईंनी शांतपणे सगळं उचकटून नेलं. मग नवं, त्यातल्या त्यात स्वस्त किचन घेतलं. बसवणावळ आणि शेगडी जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनचे पैसे धरून ते 2,900ला पडलं. शेगडीला थ्री-फेज जोडणी असते, घरच्या घरी जोडायची सोय नाही. वर सहा आठवडे थांबावं लागलं ते वेगळंच. तेवढे दिवस एका छोट्या इलेक्ट्रिक प्लेटवर खिचडी आणि बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी.

स्वस्त किचनबरोबर आली काचेची साधी शेगडी. काचेखाली तार लाल होते, ती. पहिल्याच दिवशी पुण्याहून आणलेला आईचा तवा तिच्यावर ठेवला आणि तो भोवऱ्यासारखा गरगर फिरला. आपला तवा बुडाला गोलसर, काच सपाट. पण खरा छळ फोडणीचा. गॅस बंद केला की कढई लगेच निवायला लागते, हे हाताला इतकं सवयीचं असतं की लक्षातही येत नाही. इथे बटण बंद केल्यावरही काच पाच-सात मिनिटं धगधगत राहते. मोहरी तडतडली, हिंग पडला, बटण बंद केलं, आणि डाळ आणायला वळेपर्यंत फोडणी काळी! धुराने पॅसेजमधला अलार्म वाजायला लागला तो वेगळा. मग कढई उचलून शेजारच्या थंड जागेवर ठेवायची सवय लावून घेतली.

चौथ्या वर्षी शेवटी इंडक्शन घेतली. आच गॅससारखी हातात राहते, म्हणाल तेव्हा कमी होते. ॲल्युमिनियमचा कुकर मात्र बाद झाला. पुढच्या पुणे फेरीत स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा आणला. आज कुणी विचारलं की परदेशात पैसे कुठे घालावेत, तर मी आधी शेगडी सांगते. जिच्यासमोर रोज दोन वेळा उभं राहायचं, तिच्यात काटकसर करू नये.

मिक्सरची चिंता मात्र उगाच केली होती. जर्मनीतही वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखीच. प्रश्न फक्त पिनेचा. प्रवासातला दहा युरोंचा अडॅप्टर चटणी वाटताना तापून वास मारायला लागला, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून वायरीला तिथलाच प्लग बसवून घेतला. अमेरिकेतल्या नणंदेला हे जमत नाही, तिच्याकडे 120 व्होल्ट. आमचं गाऱ्हाणं आवाजाचं. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर इमारतीत शांतता पाळायची, म्हणून इडलीचं पीठ शनिवारीच वाटून ठेवते.

फ्रिज जुना घेतला, आणि तिथेही फसलो. जाहिरातीत 'ए प्लस प्लस प्लस' लिहिलेलं. युरोपात 1 मार्च 2021पासून ती प्लसांची पट्टी जाऊन ए ते जी अशी साधी श्रेणी आली, आणि ती इतकी कडक आहे की जुने तीन प्लसवाले बरेच खाली घसरले. तेव्हा अक्षरापेक्षा स्टिकरवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा बघावा. आमचा 250 युनिट खायचा, दुकानात 110वाला होता. युनिटला 36 सेंट धरले तर वर्षाला पन्नास युरोंचा फरक. फ्रिज सत्तर युरोंत मिळाला म्हणून आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

वॉशिंग मशीनचं उलट. ते नवं घेतलं, चांगलं घेतलं, आणि म्युनिकच्या पाण्यापुढे त्याचीही परीक्षाच. पाणी इतकं जड की किटलीच्या तळाला महिन्याभरात पांढरी खपली धरते. सायट्रिक ॲसिडचं पाकीट आता मिठाच्या बरणीसारखं घरात कायम असतं. मशीन अजून कुरकुर न करता चालतंय.

गाद्यांचं सांगितलंच पाहिजे. डबल बेड घेतला तर त्यात दोन वेगवेगळ्या गाद्या आल्या, मध्ये फट. मुलगी रात्री आमच्यामध्ये झोपायला यायची आणि सकाळी त्या फटीत सापडायची. जर्मनमध्ये तिला चक्क स्वतंत्र शब्द आहे, अर्थ 'पाहुण्याची फट'! आम्ही वर एकच पातळ गादी अंथरली आणि पाहुणी सुखाने झोपली.

लाकडी सामान मात्र जुनंच घ्यावं, हे माझं ठाम मत. भुसा दाबून केलेलं आमचं स्वस्त कपाट एका घरबदलात खिळखिळं झालं. स्क्रू पुन्हा धरेनात. शिसवी रंगाचं जेवणाचं टेबल म्युनिकच्या पासिंग नावाच्या भागातल्या 'हाले 2' या महापालिकेच्या कचरा विभागाच्या दुकानातून आणलं. लोकांनी टाकून दिलेलं, पण धडधाकट सामान तिथे विकायला असतं. टेबल 45 युरोंना मिळालं, व्हॅनच्या भाड्याला त्याहून जास्त गेले, तरी तेच घरातलं सगळ्यात देखणं सामान आहे.

आम्हाला इथे आता सहावं वर्ष. गेल्या आठवड्यात नाशिकहून नव्याने आलेल्या एका मुलाचा फोन आला. "ताई, आधीची भाडेकरू किचनचे पंधराशे मागतेय. आठ वर्षं जुनं आहे. काय करू?"

"शेगडी कुठली आहे?"

"काचेची. पण आम्ही दोनच वर्षांसाठी आलोय हो."

मला हसू आवरेना. शनिवारी त्याच्याकडे जायचंय. टेप घेऊन, ओट्याचं माप बघायला, आणि फ्रिजवरचं एक लोहचुंबक घेऊन. शेगडी इंडक्शन निघाली, तर त्याच्या बायकोने नाशिकहून आणलेल्या भांड्यांपैकी कुठली चालतील ते बुडाला चुंबक लावून पाहता येईल.