फी सारखीच आहे ना, बाई?

२०२३च्या जानेवारीत आमच्या भागातल्या मोठ्या कबड्डी स्पर्धेचं पत्रक शाळेच्या फाटकावर लागलं. पुरुष गट: प्रथम ३१,००१, द्वितीय २१,००१, उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही संघांना प्रत्येकी ११,००१. त्याखाली जरा बारीक अक्षरात महिला गट: ११,००१, ७,००१ आणि प्रत्येकी ३,००१. सगळ्यात खाली दोन्ही गटांना मिळून एकच ओळ होती, प्रवेश फी ५०० रुपये.

माझी डाव्या कोपऱ्यात खेळणारी मुलगी ते वाचत उभी होती. अकरावीतली, बोलायला तशी कमीच. मागे वळून म्हणाली, "बाई, फी सारखीच आहे ना?"

रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाळेत खेळ शिकवते आणि संध्याकाळी मुलींचा कबड्डी संघ घेते. अशी पत्रकं मी वीस वर्षं वाचत आले आहे. मी स्वतः खेळायचे तेव्हा तर पहिला नंबर काढून स्टीलचे डबे घेऊन घरी गेले आहे, आणि आईने ते कौतुकाने फळीवर मांडलेही आहेत. पण फीची ओळ आणि बक्षिसाची ओळ शेजारी ठेवून वाचावी, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या मुलीच्या आलं.

आम्ही ती स्पर्धा जिंकलो. ११,००१मधून टेम्पोचे २,८०० आणि फीचे ५०० गेले. उरलेल्याचे बारा वाटे केले तेव्हा एकीच्या हातात पडले सहाशे एक्केचाळीस रुपये. गुडघ्याला लावायची बरी नी-कॅपची जोडीही त्यात धड येत नाही. आणि घरी आई-वडील विचारतातच, "तीन दिवस घराबाहेर राहून काय मिळालं?" पोरीला खेळायला पाठवायचं की नाही, हे पुष्कळ घरांत याच उत्तरावर ठरतं.

बक्षीस समारंभ संपल्यावर मांडवातच अध्यक्षकाकांना गाठलं. मंडळाचं नाव इथे घेत नाही. माणसं वाईट नाहीत, मुलींचा गट त्यांनी इतकी वर्षं चालू ठेवला तोच मुळात त्यांच्या हौसेने. काका म्हणाले, "बाई, पुरुषांचे चोवीस संघ येतात, तुमचे सहा. त्यांचा डाव वीस-वीस मिनिटांचा, तुमचा पंधरा-पंधरा. आणि गर्दी कोणाला बघायला होते, ते तुम्हीच सांगा." त्या दिवशी माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. "पुढच्या वर्षी बघू," यावर विषय संपला.

नंतर मी शोधायला बसले. मिनिटांचा हिशेब टेनिसमध्येही असाच घालत असत. विम्बल्डनमध्ये पुरुष पाच सेटपर्यंत खेळतात, बायका तीन. १९६८ साली रॉड लेव्हरला जिंकल्याचे २,००० पौंड मिळाले आणि बिली जीन किंगला ७५०. १९७०मध्ये नऊ जणींनी ह्यूस्टनला एका डॉलरचा करार करून आपली वेगळी स्पर्धा खेळायला सुरुवात केली. १९७३मध्ये अमेरिकन ओपनने रक्कम सारखी केली, विम्बल्डनला मात्र २००७ उजाडलं. सेट आजही तीन आणि पाचच आहेत. आपली कबड्डीच बघायची तर २०११ साली पंजाबात झालेल्या विश्वचषकात पुरुषांच्या विजेत्या संघाला दोन कोटी होते आणि महिलांच्या विजेत्या संघाला २५ लाख. दोन्हीकडे जिंकला होता भारतच. आपल्या पोरी जगज्जेत्या झाल्या आणि लुधियानाच्या मैदानावरून चषक घेऊन रिक्षाने परतल्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

बहिष्काराचाही विचार केला. स्क्वॅशपटू दीपिका पल्लिकलने तो करून दाखवला आहे. २०१५च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष विजेत्याला १,२०,००० आणि महिला विजेतीला ५०,००० होते, म्हणून ती खेळलीच नाही. त्याआधीही काही वर्षं ती याच कारणाने बाहेर राहिली होती. २०१६मध्ये रक्कम सारखी झाली तेव्हा परतली आणि जिंकली. पण ती जगातल्या पहिल्या दहांत पोचलेली खेळाडू, तिच्या नसण्याची बातमी होते. आम्ही गेलो नसतो तर सहाचे पाच संघ झाले असते, आणि पुढच्या वर्षी संघ नाहीत म्हणून महिला गटच बंद झाला असता. आमच्यासारख्यांनी बहिष्काराच्या वाटेला जाऊ नये, असं मला आजही वाटतं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला मी बीसीसीआयचं उदाहरण घेऊन गेले. ऑक्टोबर २०२२मध्ये त्यांनी पुरुष आणि महिला क्रिकेटपटूंची मॅच फी सारखी केली होती: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला सहा, टी-ट्वेंटीला तीन. वार्षिक करारांत अजून मोठी दरी आहे, तरी फी सारखी झाली ही गोष्ट लहान नव्हती. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ते बीसीसीआय. आपण वर्गणी मागून स्पर्धा घेतो."

ते खरंच होतं. मग मी वर्गणीच बघायची ठरवली.

मंडळाचे खजिनदार एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांच्याकडे गेले आणि सरळ म्हणाले, "दादा, मला हिशेबाची वही दाखवाल का?" मला वाटलं होतं, चिडतील. उलट त्यांना बरं वाटलं. इतक्या वर्षांत ती वही कोणी मागितलीच नव्हती. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, पै न पै लिहिलेली. ओसरीवर बसून आम्ही दोघांनी बेरजा केल्या. पुरुषांची बक्षिसं ७४,००४. महिलांची २४,००४. फरक बरोबर पन्नास हजारांचा. मग दादांचं बोट खाली सरकत गेलं. फ्लेक्स, २७,०००. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्हं, ३८,०००. दादा बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "आपण मुलींपेक्षा शालींवर जास्त खर्च करतो की हो."

दादा मूळचे कुस्तीचे शौकीन. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. पुरुषांची १९६१पासून चालू आहे. "पोरीच्या खांद्यावर गदा बघितली आणि डोळ्यांत पाणी आलं," असं ते मला दोनदा सांगून चुकले होते. पुढच्या सभेत हिशेब मी मांडला नाही, दादांनीच मांडला. बाहेरच्या बाईने मांडला असता तर ती तक्रार ठरली असती. कोणाला असं काही करून घ्यायचं असेल तर मी एवढंच सांगेन, आधी वही मागा आणि वही लिहिणाऱ्याला बरोबर घ्या.

सभेतही अडचण निघालीच, आणि ती खोटी नव्हती. ज्यांना शाल घालतात तेच वर्गणी देतात. शाल बंद केली आणि देणगीदार रुसले तर स्पर्धाच उभी राहायची नाही. मी म्हटलं, आपण त्यांनाच विचारू. दादा आणि मी दोन रविवार फिरलो. चौदा जण गाठले. हार्डवेअरचं दुकान, भाताची गिरणी, दोन वीटभट्टीवाले, एक डॉक्टर. प्रत्येकाला एकच विचारलं, "यंदा शालीऐवजी तुमचं नाव मुलींच्या बक्षिसाला लावलं तर चालेल का?" नऊ जण लगेच हो म्हणाले. गिरणीवाल्या काकूंनी आत जाऊन घडीसुद्धा न मोडलेल्या सात शाली आणून दाखवल्या. तिघांनी मात्र नाही म्हटलं, त्यांना सत्कार हवाच होता. त्यांचे सत्कार ठेवले, त्यासाठी भांडत बसलो नाही.

२०२४मध्ये मुलींचं पहिलं बक्षीस २१,००१ झालं, एकतीस नाही. काही सहकारी म्हणाल्या, अर्ध्यावर मान्य करायला नको होतं. मी मान्य केलं, कारण त्याच बैठकीत मला दुसरी एक गोष्ट मिळत होती आणि ती मला पैशाइतकीच महत्त्वाची वाटत होती. मुलींचा अंतिम सामना तोवर दुपारी तीनला व्हायचा, तापलेल्या मातीवर. त्या वेळी बघायला कोण येणार? गर्दी नाही म्हणून बक्षीस कमी, आणि गर्दी का नाही तर उन्हात खेळवता म्हणून. त्या वर्षी तो रात्री प्रकाशझोतात झाला, पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या अगदी आधी. माझ्या चढाईपटूने बोनसचा गुण घेतला आणि मागच्या मागे मध्यरेषेवर हात टेकवला, तेव्हा बांबूच्या कठड्याला रेलून उभी राहिलेली माणसं ओरडत होती. आम्ही दोन गुणांनी हरलो. संघ त्या वर्षी अकरा आले होते.

२०२५ला रकमा सारख्या झाल्या, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. पत्रक छापायला जाण्याआधी दादांनी कच्चा कागद मला दाखवला, म्हणून बरं झालं. वैयक्तिक बक्षिसांत पुरुषांच्या उत्कृष्ट चढाईपटूला सायकल होती आणि मुलींच्या उत्कृष्ट चढाईपटूला प्रेशर कुकर. मुद्दाम कोणी केलं नव्हतं, दरवर्षीचा मजकूर तसाच उतरला होता. मी काकांना फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "सायकलच लिहा दोन्हीकडे. कुकरवाल्याशी मी बोलतो."

त्या वर्षी पहिलं बक्षीस आमचं. परत येताना टेम्पोत मोबाइलच्या उजेडात पाकीट उघडलं. कोपऱ्यात खेळणारी ती मुलगी आता कॉलेजात आहे, हिशेब तिच्याकडेच असतो. एकतीस हजार एकमधून टेम्पोचे ३,२०० आणि फीचे ५०० तिने बाजूला काढले. बाराजणींना प्रत्येकी दोन हजार दोनशे पंचाहत्तर. एकीने तिथेच बूट ठरवले. दुसरी म्हणाली, बाबांच्या हातात देणार आहे, बघू काय बोलतात. वाटे संपले तेव्हा पाकिटात एक रुपया उरला. तिने पाकीट दोनदा झटकून बघितलं आणि तो रुपया माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "बाई, पुढच्या फीला धरा."